थोरलीकाठची निम्मीकाकू

एक कप चहा सोडला, तर निम्मीकाकूंनी आयुष्यात एखादी गोष्ट पुरी घेतल्याचं मला आठवत नाही. त्या एका कपाचं पुढे सांगेन. एरवी चहा हातात आला की तोंडाला लावायच्या आधी त्यातला निम्मा बशीत ओतायचा आणि बशी समोरच्याच्या हातात द्यायची, ही त्यांची रीत. भाकरी वाढली की मोडून अर्धी परत दुरडीत. विड्याच्या पानाचेसुद्धा दोन तुकडे करायच्या आणि दुसरा शेजारणीच्या पदरात टाकायच्या, तिला पान चालतं की नाही हे न विचारता. साडी तेवढी फाडता येत नव्हती. म्हणून आहेरात आलेली साडी त्या थोडे दिवस नेसायच्या आणि रंग उतरायच्या आत कुणाला तरी देऊन टाकायच्या. "निम्मी नेसून झाली," म्हणायच्या. त्यांचं खरं नाव रखमा, पण ते त्यांच्या नवऱ्याशिवाय कुणी घेत नसे, आणि नवराही चारचौघांत घेत नसे.

मी त्यांच्या गावात गेले ती शाळेवर नेमणूक झाली म्हणून. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. संगमनेरशेजारच्या अकोल्याच्या वर, डोंगरांच्या कुशीत, नदी जिथे कमरेत वाकून वळते तिथे वाकणवाडी होती. एसटी अलीकडेच सोडायची, पुढे चालत. गावात भाड्याची खोली ही गोष्टच कुणाला माहीत नव्हती. गावकरी डोकी खाजवत उभे असताना काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, बाईंना मी निम्मं घर देते. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. कसली पद्धत! घरी नेल्यावर त्यांनी गेरूचा बोळा घेतला आणि माजघराच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ ओढली. चूल त्यांची, शेजारचा वैल माझा. पुढे त्या स्वतः ती रेघ दिवसभर ओलांडायच्या, माझ्या डब्यातले शेंगदाणे खायच्या, माझ्या केसांना तेल चोपडायच्या, आणि मी चुकून पलीकडे पाय ठेवला की, "आलात का बाई आमच्या हद्दीत," म्हणून हसायच्या.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, फार बोलत नसत. नदीकाठी त्यांची भाताची खाचरं होती, आणि संध्याकाळी ते वाकणाच्या डोहात गळ टाकून बसत. मासा लागला नाही तरी त्यांना काही वाटत नसे. एका कानाने त्यांना ऐकू येत नव्हतं. काकूंनी नवऱ्याचं ऐकणंही निम्मं करून टाकलं, अशी गावातल्या टवाळांची थट्टा होती. काका त्यावरही हसत. बहुधा ऐकू येत नसल्यामुळे.

आणि काकूंना स्वप्नं पडत. स्वप्नं काय, सगळ्यांनाच पडतात, पण काकूंची आमच्या घरात रोजच्या न्याहारीसारखी होती. सकाळी खाचरांवर धुकं असायचं. नदी दिसायची नाही, नुसता तिचा आवाज यायचा, कुणीतरी बाई पलीकडच्या खोलीत स्वतःशीच बोलत असावी तसा. आमच्या नदीला कागदावर मोठं नाव होतं, पण गाव तिला 'थोरली' म्हणत असे आणि डोंगरातून येऊन तिला मिळणाऱ्या ओढ्याला 'धाकटी'. काकू चुलीपुढे बसून स्वप्न सांगायच्या, आणि तेही निम्मंच. ऐन रंगात आलं की लाकूड पुढे सारायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हायलेलं उद्या." उद्या दुसरंच स्वप्न. एका स्वप्नात काका मुंडावळ्या बांधून माशावर बसून लग्नाला निघाले होते. नवरी कोण ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अशांपैकी एक स्वप्न माझ्या मनात घर करून राहिलं. थोरली नदी हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर भलंमोठं बोचकं घेऊन खालच्या अंगाला निघाली आहे. वाटेत लोक विचारतात, कुठं निघालीस गं? ती म्हणते, रखमाच्या माहेराला. ऊन आहे, तिला धाप लागली आहे, पण ती बोचकं खाली ठेवत नाही. मी विचारलं, "काकू, बोचक्यात काय होतं?" त्यांनी फुंकणी उचलली, चुलीत फुंकर घातली, आणि नेहमीचं उत्तर दिलं. मी दुसऱ्या दिवशीही विचारलं, तिसऱ्या दिवशीही. त्या नुसत्या हसायच्या.

काकूंचं माहेर पोखरमाळ. संगमनेर ओलांडून पलीकडच्या माळावरचं गाव. तिथे नदी नव्हती, ओढा होता, आणि त्या ओढ्यात दगड होते. विहिरी होळीच्या आत कोरड्या पडायच्या. पुढे उन्हाळाभर टँकर. काकूंच्या लहानपणी तर टँकरही नव्हता. आई प्रत्येकाला सकाळी निम्मा तांब्या पाणी द्यायची, त्यात तोंड धुणं, पिणं, सगळं. लग्न होऊन वाकणवाडीत आल्यावर सासूने पहिल्यांदा नदीवर नेलं, तेव्हा ही नवी नवरी काठावर बसून राहिली आणि पाण्यात पाय घालीना. कुणाच्या वाटचं आहे ते विचारल्याशिवाय कसा घालायचा? ही गोष्ट काकू स्वतःच सांगायच्या आणि हसून हसून डोळे पुसायच्या. त्या निम्म्या तांब्यापासूनच त्यांना वाटायचं, जगात सगळ्याचं निम्मं केलं की भागतं.

त्या माहेरी वर्षातून एकदा जायच्या, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माहेरी जाताना बायका लाडू नेतात, कुरडया नेतात. काकू पाणी न्यायच्या. तेलाचा मोठा पिवळा कॅन त्यांनी राखेने घासून घासून ठेवला होता, तो थोरलीच्या धारेत बुडवून भरायचा. पण भरायचा तोही निम्मा. निम्माच का, म्हणून मी एकदा विचारलं. "सगळं नेलं तर तिला वाईट वाटंल की," त्या म्हणाल्या. नदीला वाईट वाटेल! एका कॅनाचं! मी कपाळाला हात लावला.

एका आखितीला मीही त्यांच्याबरोबर गेले होते. एसटीत त्या कॅन मांडीवर घेऊन बसल्या, आणि त्यातलं पाणी वळणावळणाला डुचमळायचं तेव्हा त्याच्यावर हात ठेवायच्या. पोखरमाळला त्यांचा धाकटा भाऊ सखाराम फाट्यावर उभा होता. उंच, काळा, रापलेला माणूस. त्याने बहिणीच्या पाया पडायच्या आधी कॅन उचलला. घरी माठ धुऊन पालथा घालून ठेवलेलाच होता. आळीतल्या बायका, म्हातारे, सगळे जमले आणि प्रत्येकाच्या भांड्यात सखाराम थोडं थोडं पाणी ओतत गेला. ते पाणी कुणी घटाघटा प्यायलं नाही. डोळे मिटून घोट घेत होते. एक म्हातारी म्हणाली, यंदा करंजाच्या फुलांचा वास लागलाय. मी त्याच नदीचं पाणी रोज पीत होते, मला कधी वास आला नव्हता. परत येताना काकू खिडकीतून त्या उघड्या माळाकडे बघत होत्या आणि मधूनच म्हणाल्या की आपल्याला झोपेत नदी ऐकू येते आणि सखाला तिथं काहीच ऐकू येत नसेल. त्यांचे डोळे भरले होते.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर वाकणवाडीत लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन माणसं आली. मोजणी करत होती. त्यांनी डोंगराच्या दोन्ही अंगांना दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या, गावापेक्षा कितीतरी वर. धरण होणार म्हणून पूर्वीपासून बोललं जायचं, पण ते सगळं पुढाऱ्यांच्या भाषणातलं. आता खुणा दिसत होत्या. खाली उभं राहून वर पाहिलं की कळायचं, तिथपर्यंत पाणी. शाळेतली मुलं मान मागे टाकून बघायची आणि मासे आपल्या कौलांवरून जाताना कसे दिसतील याच्या गप्पा मारायची.

त्या काठ्यांबरोबर दोन शब्द गावात आले. बुडीत आणि लाभ. वाकणवाडी बुडितात, आणि धरणाचं पाणी मिळणार म्हणून पोखरमाळ लाभात. काकूंनी ते शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवले आणि मग म्हणाल्या, "मंजी बाई, मी निम्मी बुडितात आन् निम्मी लाभात." सगळे हसले, त्याही हसल्या. पण त्या दिवशी चुलीवरची आमटी करपली.

पुढे वर्षभर गावात दुसरा विषय नव्हता. पुण्याहून एक ताई यायच्या. सुती साडी, खांद्याला झोळी, चालून चालून पायांना भेगा पडलेल्या. त्या देवळापुढे बसून सांगायच्या, नदी अडवली की काय काय जातं. काठाचं रान जातं, डोहातले मासे चढायचे थांबतात, उठवलेल्या गावांना कुठे कुठे खडकाळ जमिनी मिळाल्या, शेजारी शेजाऱ्याला राहिला नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. गाव ऐकत असे आणि काकूही ऐकत. एकदा काकूंनी विचारलं की काजवे कुठे जातील. पावसाच्या तोंडावर आमच्या नदीकाठच्या झाडांवर काजवे बसायचे, एकदम लागायचे, एकदम विझायचे, सगळी दरी श्वास घेत असल्यासारखी वाटायची. ताई म्हणाल्या, मला माहीत नाही. काकूंना हे उत्तर आवडलं. त्यांनी आपल्या भाकरीतली निम्मी ताईंना दिली.

पण घरी आल्यावर त्या दुसरी बाजू लावायच्या. पोखरमाळच्या पोरी पाण्यापायी शाळा सोडतात. तिथे कुणी मुलगी देत नाही. सखाची पहिली बायको विहिरीच्या कपारीत उतरून वाटीने पाणी भरत होती, पाय घसरला, ती गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. काका भिंतीला टेकून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, आपले आईबाप ह्या काठावर जाळलेत. मी माझ्या बाजूला पुस्तक उघडून बसले होते, पण वाचत नव्हते. दोघंही खरं बोलत होते आणि मला कुणाचीच बाजू घेववत नव्हती.

देवळापुढे पहिली सभा झाली तेव्हा धरण नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं तात्यांनी सांगितलं. तात्या म्हणजे गावचे पुढारी, मनाने चांगले, आवाजाने मोठे. सगळे हात वर गेले. काकूंचा कानापर्यंत येऊन थांबला. तात्यांनी विचारलं, काकू, हात वर का खाली? "निम्मा," काकू म्हणाल्या. तेव्हाही हशा झाला. मात्र सभा संपल्यावर ठरलं की धरणाचं रद्द होईपर्यंत खालच्या गावांशी येणं-जाणं बंद, सोयरीक बंद. काकूंच्या माहेराचं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं.

आखिती आली. काकूंनी कॅन घासला, भरला, आणि पहाटे निघाल्या. मी त्यांना पोहोचवायला वेशीपर्यंत गेले. तिथे तात्या आणि आणखी काही जण उभे होते. त्यांनी काकूंना अडवलं नाही. तात्या नीट, अदबीनंच बोलले. म्हणाले, तुमी जा काकू, भाऊ हाय तुमचा, आमी काय राक्षस न्हाई. पन पानी हितंच ठेवा. ह्या वर्साला थोरलीचं पानी खाली जानार न्हाई. काकूंनी कॅन रस्त्याच्या कडेला, दगडावर, हलकेच ठेवला आणि मोकळ्या हातांनी एसटीकडे चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. मला तात्यांचा असा राग आला की शाळेत जाऊन मी विनाकारण पोरांवर ओरडले. गंमत अशी की तो कॅन कुणीच उचलला नाही. काकू परत येईपर्यंत तो तिथेच होता, ऊन लागू नये म्हणून कुणीतरी त्याच्यावर पळसाची पानं घातली होती.

परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते चुलीकडे बघत सांगितलं. सखारामने फाट्यावर रिकामे हात पाहिले आणि काहीच विचारलं नाही. घरी माठ धुऊन पालथा घातलेला होता. भावजयीने तो गुपचूप उचलून आत नेला. "माझ्या सख्ख्या भावानं मला त्याच्या वाटचं पानी पाजलं बाई," काकू म्हणाल्या. "आन् मी ते पेले." त्या रात्रीपासून त्यांनी स्वप्नं सांगणं बंद केलं. सकाळी धुक्यात नदी बोलत असायची आणि आमच्या घरात शांतता. मी विचारायची, काही पडलं का आज? त्या मानेनेच नाही म्हणायच्या.

मग सुनावणी लागली. तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात. एका अंगाला आम्ही बुडीतवाले, दुसऱ्या अंगाला लाभवाले, मधून जाजमाची वाट, आणि समोर टेबलामागे साहेब. लग्नाला आलेल्या दोन वऱ्हाडांसारखे आम्ही बसलो होतो, फक्त कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्यांच्याकडून सखाराम बोलला. त्याने फार काही सांगितलं नाही, आपल्या गावच्या बायकांचे हात कसे दिसतात तेवढंच सांगितलं. आमच्याकडून तात्या बोलले, पुण्याच्या ताई बोलल्या, आणि काका उठून म्हणाले की मला दुसरीकडं झोप लागायची न्हाई. त्यावर कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, बायकांपैकी कुणाला काही म्हणायचं आहे का? आणि काकू उठल्या.

पदर डोक्यावरून घेतला, जाजमाच्या वाटेवर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, आणि हात जोडून म्हणाल्या, "सायेब, धरन बांधा, पन निम्मं बांधा. भिंत निम्मी करा. निम्मं पानी खाली जाऊ द्या, निम्मं गाव आमाला ऱ्हाऊ द्या."

दोन्हीकडचे लोक हसले. आमच्या बाजूचे, त्यांच्या बाजूचे, सगळे. साहेब मात्र हसले नाहीत. भला माणूस असावा. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद घेतला, त्याचं नरसाळं केलं आणि काकूंपुढे धरलं. म्हणाले, मावशी, तुमची दरी अशी आहे. तळाला चिंचोळी, वर रुंद. पाणी सगळं वरच्या भागात मावतं. निम्मी भिंत बांधली तर निम्मं पाणी राहत नाही, त्याच्या कितीतरी कमी राहतं, ते माळापर्यंत पोहोचणारही नाही. आणि तुमचं गाव तळाला आहे. ते निम्म्या भिंतीतही जाईल.

काकूंनी ते कागदाचं नरसाळं हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांचं सगळं आयुष्य ज्या एका हिशेबावर चाललं होतं तो चुकीचा निघाला होता, आणि चुकीचा आहे हे त्यांना तिथल्या तिथे पटलं होतं. "मंजी ह्याचं निम्मं हुतच न्हाई," त्या म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली. काकू येऊन माझ्याशेजारी बसल्या. पलीकडून सखाराम आपल्या बहिणीकडे बघत होता. त्या सबंध दिवसात त्याने वर पाहिलं ते तेव्हाच.

नंतर काही दिवस काकू नदीवर जाऊन बसायच्या. संध्याकाळी काका गळ टाकून एका दगडावर, काकू पाय पाण्यात सोडून दुसऱ्या दगडावर. वाकणाच्या डोहावर करंजाची फुलं पडायची आणि पाण्याबरोबर हळूच वळून खाली निघून जायची. काकू एकेका फुलाकडे दिसेनासं होईपर्यंत बघत. मी वह्या तपासायच्या सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसे. मला आजही ती संध्याकाळ झोपेत दिसते आणि जागी झाल्यावर पाय गार लागतात.

सरकारला पाठवायचा शेवटचा ठराव करायला पुन्हा देवळापुढे सभा भरली. धरण नको, हा ठराव. हात वर झाले. काकांचाही झाला. काकूंचा झाला नाही, कानापर्यंतही नाही. तात्यांनी विचारायच्या आत त्या स्वतःच उभ्या राहिल्या.

"मी धरन व्हावं म्हनते," त्या म्हणाल्या. "माझं घर जाईल, खाचरं जातील. थोरली बी ऱ्हायची न्हाई, तिचं तळं हुईल. मला ते समदं पायजे हाय. तरी मी व्हय म्हनते. म्या निम्मं निम्मं करून बगितलं, हुईना. आता व्हय बी पुरं, आन् रडनं बी पुरं."

मग तात्या कडाडले, एवढं असंल तर माहेराला जाऊन ऱ्हावा. काकू म्हणाल्या, "जाईन की. सरकार धाडंलच." आणि खाली बसून पदराने तोंड झाकून रडल्या, अगदी मोकळ्या गळ्याने, लहान मुलीसारख्या. एकाही बाईने त्यांना जवळ घेतलं नाही. मी घेतलं, पण मी गावची नव्हते.

घरी येताना काका पुढे चालत होते, काकू मागे. मला वाटत होतं आता काय होतंय कोण जाणे. एकाच घरातला एक हात वर, एक खाली. काकांनी आल्या आल्या टोपी खुंटीला अडकवली आणि चुलीपुढे बसले. जन्मात चुलीपुढे न बसलेला माणूस. धूर झाला, साखर सांडली, चहा उतू गेला. जो उरला तो त्यांनी एका कपात काठोकाठ ओतला आणि काकूंपुढे धरला. "रखमे, आज पुरा घे," म्हणाले. मी रेघेच्या अलीकडून पाहत होते. काकूंनी बशीला हात लावला नाही. तो चहा त्या पुरा प्यायल्या.

गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. नदीवर त्या आल्या की बायका धुणं गोळा करून वरच्या अंगाला जात. काकूंनी त्याबद्दल तक्रार केली नाही, माझा मात्र तिळपापड व्हायचा. ही माणसं काही वाईट नव्हती. त्यांचं गाव जायचं होतं आणि राग काढायला जवळ दुसरं कुणी नव्हतं. होळीला मात्र एक गोष्ट झाली. तात्यांची बायको दारात आली, आत काही आली नाही, उंबऱ्यावर एक ताटली ठेवून गेली. फडकं बाजूला केलं तर खाली पुरणाची पोळी, मधोमध मोडलेली. निम्मीच. काकू ती पोळी हातात घेऊन आधी रडल्या, मग हसल्या, आणि मग अर्थातच त्यातली निम्मी मला दिली.

धरण मंजूर झालं. ते काकूंच्या हातामुळे झालं नाही आणि गावच्या हातांमुळे थांबलंही नसतं. कामाला रस्ते होऊ लागले, डोंगरात सुरुंगांचे आवाज घुमू लागले आणि डोहातल्या बगळ्यांनी जागा बदलली. तोवर माझी बदली संगमनेरला झाली होती. दशक संपत आलं होतं. निघायच्या सकाळी मी माजघरातली गेरूची रेघ पाहिली. काकू दर दिवाळीला ती नव्याने ओढायच्या. त्या वर्षी ओढली नव्हती.

एसटीपर्यंत त्या आल्या. हातात पिवळा कॅन. ह्यावेळी काठोकाठ भरलेला, झाकणाशी थेंब साचलेले. म्हणाल्या, बाई, तुमचं सामान लावून झालं की पोखरमाळला जाऊन सखाला द्या. तात्या फाट्यावरच उभे होते, त्यांनी पाहिलं. पुढे आले, कॅन स्वतः उचलून गाडीत माझ्या पायाशी ठेवला आणि बाजूला झाले.

गाडी सुरू झाली तशी काकूंनी खिडकीची सळई धरली. "बाई, ते ऱ्हायलेलं सांगायचं हाय." मला कळेना, काय राहिलेलं? त्या म्हणाल्या, "ते बोचकं. तवा मला बी दिसलं न्हवतं. आता परवा सपान पुरं पडलं. थोरली माझ्या माहेराला पोचली, सखाच्या दारात बोचकं खाली ठिवलं, गाठ सोडली."

"काय होतं काकू?"

"आपली वाकणवाडी."

गाडी वळणावर गेली. त्या हात न हलवता तशाच उभ्या होत्या.

त्यानंतर आम्ही भेटलो, पण नदीकाठी नाही. गाव उठलं तेव्हा काका-काकूंना माळावरच्या वसाहतीत जागा मिळाली, पोखरमाळहून हाकेच्या अंतरावर. काकू म्हणायच्या, मी माहेरीच आले की. पण तेव्हा तिथे पाणी नव्हतं. भिंत उभी राहिली, तळं भरलं, आणि कालवे मात्र वर्षानुवर्षं कागदावर राहिले. काकूंना पुन्हा टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं. मला तो अन्याय आजही सहन होत नाही. त्या मात्र निम्मा तांब्या भरून घ्यायच्या आणि म्हणायच्या, येतीय ती, लांबचा पल्ला हाय, डोक्यावर वजन हाय. काका आधी गेले. त्यांना खरंच तिथे झोप लागत नसे. मग काकू गेल्या. कालव्याला पाणी आलं ते त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

सखारामचा निरोप आला म्हणून मी गेले. तो आता पार वाकला होता. कालव्याच्या काठावर सगळं गाव लोटलेलं, हळदीकुंकू, नारळ, पोरांचा आरडाओरडा. पाणी मातकट होतं, वेगात येत होतं, आणि मी उगीचच त्याला करंजाचा वास येतो का ते पाहत होते. पोरं उड्या टाकत होती, ओंजळी भरभरून एकमेकांवर उडवत होती. सखाराम काठी टेकत पुढे गेला. मला वाटलं, पडाल म्हणून ओरडणार.

तो म्हणाला, "सांडू नका रं पोरांनो. माझ्या बहिणीचं गाव हाय त्यात."